मुलांच्या पुस्तकावर विकिपीडियात लेख करताय? या चुका टाळा

एखादं बालपुस्तक मनापासून आवडलं की त्यावर विकिपीडियात लेख असावा असं वाटतंच. पण तिथे पुस्तक किती चांगलं आहे, हे कुणी विचारत नाही. लेखक-प्रकाशकाशी संबंध नसलेल्या माणसांनी या पुस्तकाबद्दल नीट, सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघतात. तसं लेखन किमान दोन ठिकाणी असावं, असा इंग्रजी विकिपीडियाचा पुस्तकांसाठीचा संकेत आहे. मोठा साहित्य पुरस्कार, पुस्तकावरून निघालेला महत्त्वाचा चित्रपट किंवा अनेक शिक्षणसंस्थांमध्ये पुस्तकाचा अभ्यास होणं, या गोष्टीही जमेस धरतात. मराठीत लेख करतानाही या कसोट्या उपयोगी पडतात. गडबड होते ती त्या लावताना.

लेखकाचा पुरस्कार पुस्तकाच्या नावावर टाकणे

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. २०१७ साली तो ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला मिळाला, २०२२ साली संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला. इथे पुस्तकाचं नाव स्पष्ट आहे, त्यामुळे लेखाला भक्कम आधार मिळतो. पण २०१६ मध्ये राजीव तांबे आणि २०१८ मध्ये रत्नाकर मतकरी यांना हाच पुरस्कार बालसाहित्यातल्या एकूण योगदानासाठी मिळाला. तो त्यांच्या कुठल्याही एका पुस्तकाच्या लेखात पुरावा म्हणून देता येत नाही. त्याची जागा लेखकावरच्या लेखात. म्हणून पुरस्काराची बातमी वाचताना ‘कशासाठी’ हा भाग आधी बघा.

‘साभार पोच’ला परीक्षण समजणे

सगळ्यात जास्त लेख इथेच अडकतात. रविवार पुरवणीतलं कात्रण समोर ठेवा. मुखपृष्ठाचा छोटा फोटो, खाली प्रकाशन, पृष्ठं, किंमत आणि तीन ओळी: ‘मुलांना निसर्गाची ओढ लावणाऱ्या या कथा रंजक आहेत. चित्रं आकर्षक आहेत. पालकांनी जरूर घ्यावं असं पुस्तक.’ आता पुस्तक उलटं करून मलपृष्ठावरची पाठराखण वाचा. बरेचदा तेच शब्द तिथे सापडतात. ही पोच झाली, परीक्षण नव्हे. ‘सुट्टीत वाचावीत अशी पुस्तकं’ छापाच्या याद्याही याच वर्गात मोडतात.

खऱ्या परीक्षणात समीक्षकाचं स्वतःचं काहीतरी असतं. गोष्ट कुठे रेंगाळते, आठ वर्षांच्या मुलाला ही भाषा झेपेल का, चित्रं मजकुराच्या पुढे जातात की नुसती मागून येतात, आधीच्या बालसाहित्यात हे पुस्तक कुठे बसतं. असे दोन-तीन परिच्छेद सापडले की लेखाचा पाया तयार झाला.

पुस्तकातलीच प्रस्तावना मात्र चालत नाही, मग ती कितीही मोठ्या साहित्यिकाची असो. ती पुस्तकाचाच भाग आहे. प्रकाशन समारंभाच्या बातमीचंही तसंच. व्यासपीठावरून पाहुणे कौतुकच करणार. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) किंवा ग्रंथालयातली नोंद पुस्तक अस्तित्वात आहे एवढंच सांगते. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’तली नोंदही तशीच: जुन्या पुस्तकाचं साल आणि प्रकाशक पक्का करायला अमोल, पण उल्लेखनीयता, म्हणजे पुस्तक स्वतंत्र लेखाला पात्र आहे का हे, ठरवायला अपुरी.

गुगलवर नाही म्हणजे कुठेच नाही, असं धरून चालणे

ही उलट्या बाजूची चूक, आणि मला ती जास्त लागते, कारण तिच्यामुळे चांगली जुनी पुस्तकं नाकारली जातात. मराठी बालपुस्तकांवरचं बरंचसं लेखन कागदावरच आहे. ‘साधना’ १९४८ पासून निघतं, ‘ललित’ १९६४ पासून. शिवाय दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या. संगणकावर आलेला मजकूरही बराच काळ युनिकोडबाहेरच्या, म्हणजे शोधयंत्राला न वाचता येणाऱ्या, फॉन्टमध्ये होता, आणि नुसत्या स्कॅन केलेल्या पानांवर शोध चालत नाही.

म्हणून शोधताना नाव देवनागरीत टाका, ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा, लेखकाच्या आडनावासोबत चित्रकाराचं नावही जोडा. तरी हाती काही लागलं नाही तर पुस्तक आलं त्या वर्षाचे आणि पुढच्या दोन वर्षांचे अंक ग्रंथालयात बसून चाळा. छापील संदर्भ विकिपीडियाला पूर्ण चालतो, दुवा असलाच पाहिजे असं नाही. नियतकालिक, अंक, तारीख, पान, लेखाचं शीर्षक आणि लिहिणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे टिपून घ्या. पान राहिलं तर पुन्हा हेलपाटा.

मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाला वेगळा लेख

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. त्याच्यावर दूरदर्शन मालिका झाली, २०१७ साली चित्रपट आला, लोकांनी भरभरून लिहिलं. पण ते बहुतेक लेखन बन्याबद्दल, म्हणजे फास्टर फेणे या पात्राबद्दल, आणि एकूण पुस्तकमालिकेबद्दल आहे. एकेका पुस्तकाला लेख केला तर हाती कथासारांश तेवढा उरतो. मालिकेवर एकच दमदार लेख करावा आणि प्रत्येक पुस्तकाच्या नावाचं पुनर्निर्देशन तिथे द्यावं, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप या लेखावर येईल.

चित्रपटाच्या जोरावर पुस्तकाचा लेख भरणे

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. असा चित्रपट निघणं हा पुस्तकाच्या बाजूने पुरावा आहेच. पण पदक, अभिनय, दिग्दर्शन हे सगळं चित्रपटाच्या लेखात जावं. पुस्तकाच्या लेखात हवं ते लेखन, आवृत्त्या, वाचकांचा प्रतिसाद, टीका.

पाठ्यपुस्तकातला उतारा

बालभारतीच्या पुस्तकात एक उतारा आला म्हणजे मूळ पुस्तक अभ्यासाला लागलं असं होत नाही. त्याला शोधाचा धागा माना.

लेखावर वगळण्याची सूचना लागली तर

लेखावर लावलेला सूचनेचा साचा (चौकट) स्वतः काढू नका, भांडू नका. लेखाला जोडलेल्या चर्चापानावर दोन सर्वांत सविस्तर संदर्भ पानांसकट द्या. लेखक, प्रकाशक किंवा चित्रकार तुमच्या नात्यातले किंवा ओळखीचे असतील तर तसं आधीच सांगा. लपवलेलं नातं लेखाच्या संपादन-इतिहासातून सहसा उघड होतं. संदर्भ खरंच नसतील तर पुस्तकाची माहिती लेखकाच्या लेखात हलवा आणि मसुदा आपल्या धूळपाटीवर (सदस्याच्या कच्च्या कामाच्या पानावर) ठेवा. पुस्तक नवं असेल तर पुढचे दिवाळी अंक येईपर्यंत थांबा.