माणदेशी माळावर कॅमेरा घेऊन निघण्यापूर्वी

आधी तारीख ठरवा, बॅग नंतर भरा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण तालुक्यातल्या दहिवडीकडं 500च्या आसपास. एवढ्या पाण्यावर शेतीचा भरवसा नाही, म्हणून इथं मेंढपाळी टिकली. दिवाळीनंतर बरेचसे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तळ, घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या किंवा बागायती भागाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळं डिसेंबरच्या गुलाबी थंडीत आलात तर माळ मिळेल, मेंढरं फारशी नाहीत. कळपासकट माळ हवा असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. एप्रिल-मे सोडूनच द्या.

पाणी अर्ध्या दिवसाला माणशी 4 लिटर, तेही दोन-तीन बाटल्यांत वाटून. एक फुटली तर सगळं जात नाही. ओढ्यांवर भिस्त ठेवू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण 1 लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतली की क्षार जास्त होतात आणि तहान भागायच्या ऐवजी वाढते.

बूट जाड तळाचे हवेत. पळायच्या मऊ बुटांतून बाभळीचा काटा आरपार येतो. मेंढक्यांची टायरच्या तळाची पायताणं उगाच नसतात. पँट गुळगुळीत कापडाची घ्या. लोकरी मोजे घातलेत तर ऑक्टोबरात कुसळं त्यांत रुततात आणि चालताना आत आत सरकत जातात. काटे काढायला चिमटा खिशात असू द्या, बॅगेच्या तळाशी नको. बसण्याआधी दगड काठीनं हलवून बघा, फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, दगडाखालीच असतं. चावलंच तर पट्टी आवळत बसू नका, चिरा देऊ नका. हालचाल कमीत कमी ठेवून 108 ला फोन आणि थेट रुग्णालय.

कॅमेऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर. काळ्या दख्खनी मेंढरांनी चौकट भरली की कॅमेरा त्यांना राखाडी करू बघतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खाली आणा, पण मेंढक्याचा चेहरा अंधारात जात नाही ना ते बघा. जतकडची माडग्याळी मेंढरं पांढरी, अंगावर तांबूस ठिपके, नाक बाकदार. तिथं हेच गणित उलटं, पांढऱ्या खिलार बैलांनाही तसंच. सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, लांबच्या लेन्सनं टिपलेला दूरचा कळप किंवा ढालगावकडची पवनचक्की मऊ येते. दोष लेन्सचा नसतो. त्या वेळेला जवळची कामं उरका. कळपात उभं राहून लेन्स बदलू नका. धूळ वाऱ्याबरोबर जाते, म्हणून वारा येतो त्या बाजूला थांबा.

दुपारची जवळची कामं म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. गावाच्या वेशीजवळ किंवा महादेवाच्या देवळापाशी उभे असतात. काहींच्या खालच्या चौकटीत कोरलेल्या गाई दिसतात: जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला तो वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात, वर शिवलिंगाची पूजा, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. पूर्वेकडं तोंड केलेल्या दगडावर ऐन दुपारच्या जरा आधी उजेड घासून येतो आणि झिजलेली गाय उठून दिसते. समोरून ऊन असताना तिथं नुसता दगड दिसतो. झाडाच्या सावलीत असेल तर कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून बाजूनं, हातभर अंतरावरून टॉर्च धरा. खडू, तेल, पाणी काहीही लावू नका. शेंदूर लावलेला असेल तर तो देव आहे; आधी विचारा, आणि चपला बाहेर.

वाड्याजवळ जाताना लांबूनच हाक द्या: “ओ मामा, येऊ का?” राखणीची कुत्री धावून आली तर पळू नका, दगडही उचलू नका, उभे राहा आणि मालकाला हाक मारा. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना फ्लॅश अजिबात नको. बुजलेलं मेंढरू वाघर तोडतं आणि मग रात्रभर शोधाशोध त्यांची. ड्रोनचंही तेच. बायाबापड्यांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, आणि पाठवतो म्हणालात तर पाठवा. इथल्या लोकांना न आलेले फोटो चांगले लक्षात राहतात.

मोकळा दिसणारा माळ गायरान असतो किंवा वनखात्याचा. वनखात्याच्या माळावर आधी परवानगी काढा. लांडग्याचं बीळ दिसलं तर तसंच मागं फिरा.

परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे दहिवडी, आटपाडी किंवा जतच्या स्टँडवर सकाळीच विचारून ठेवा. चांगल्या उजेडाची आणि त्या गाडीची वेळ बहुतेकदा एकच येते.