तर्कशास्त्र आणि सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या परिषदा: निबंध पाठवताना या चुका टाळा

तर्कशास्त्र आणि सैद्धांतिक संगणकशास्त्र या क्षेत्रांत नवा निष्कर्ष सर्वांत आधी परिषदेत मांडला जातो आणि नियतकालिकाची पाळी त्यानंतर येते. गणित विभागातून या विषयाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला हा क्रम उलटा वाटतो, कारण त्याच्या लेखी परिषद म्हणजे चार ओळखीपाळखी आणि एखादे व्याख्यान. इथे मात्र परिषदेला पाठवलेला पूर्ण निबंध तीन-चार समीक्षक वाचतात आणि त्यातले बरेच निबंध परत येतात. परत आलेल्या निबंधांमागे गणित कच्चे असणे हे एक कारण असतेच. पण गेली काही वर्षे विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना मला जे दिसले ते असे की, निबंध मागवणारे निवेदन, ज्याला आपण सगळेच नुसते ‘कॉल’ म्हणतो, ते कोणी नीट वाचतच नाही. प्रमेयातली एक अट नजरेतून सुटली तर पुढची सिद्धता कोसळते हे ज्याला पक्के ठाऊक असते, तोच माणूस कॉलमधल्या अटी मात्र वरवर चाळतो.

मुदत एक नसते, दोन असतात

बहुतेक परिषदांत आधी शीर्षक आणि गोषवारा नोंदवण्याची मुदत असते आणि साधारण आठवड्याने पूर्ण निबंधाची. पहिली चुकली की दुसरी आपोआप चुकते, कारण संगणकप्रणालीत नवी नोंद उघडण्याची सोयच बंद झालेली असते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हेच केले. निबंध तयार होता, संदर्भसूचीसुद्धा तपासून झाली होती आणि पाठवायला बसलो तेव्हा ‘नवी नोंद’ हे बटणच पडद्यावर दिसेना. आयोजकांना लिहिलेल्या विनंतीपत्राला अर्ध्या तासात अत्यंत सभ्य नकार आला, आणि तो योग्यच होता. गोषवारे पाहून समीक्षकांनी आपापली पसंती कळवायला सुरुवात केली होती. तेव्हापासून माझा शिरस्ता असा आहे की निबंध होईल अशी निम्मी शक्यता दिसली तरी गोषवारा नोंदवून ठेवायचा. मात्र निबंध झाला नाही तर ती नोंद स्वतःहून मागे घ्यावी. ती तशीच लटकत ठेवणे समीक्षकांच्या वेळेचा अपव्यय आहे.

मुदतीपुढे बहुधा ‘एओई’ ही अक्षरे असतात. पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत आहे, असा त्याचा अर्थ. हा काळ जागतिक प्रमाणवेळेच्या 12 तास मागे आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे फरक साडेसतरा तासांचा. रात्री 11:59 ची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:29 ला संपते. हे ठाऊक नसलेले मध्यरात्री अर्धामुर्धा निबंध पाठवून मोकळे होतात आणि अर्धवट ठाऊक असलेले दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत निवांत राहतात, दोघेही फसतात. शिवाय काही परिषदा अमेरिकेतील स्थानिक वेळ देतात, तेव्हा गृहीत धरण्याऐवजी दर वेळी हिशेब मांडावा. शेवटच्या तासाभरात प्रणालीवर ताण येतो, म्हणून आदल्या दिवशीच एक आवृत्ती चढवून ठेवावी. मुदत संपेपर्यंत ती बदलता येते.

जागा चुकीची निवडणे

‘लॉजिकची परिषद’ एवढ्यावर निवड करणे ही पुढची चूक. 1986 मध्ये सुरू झालेली लिक्स ही संगणकशास्त्रातील तर्कशास्त्राची मुख्य परिषद मानली जाते. युरोपातील सीएसएल तिच्याजवळची. स्टॉक आणि फॉक्स या परिषदांत अल्गोरिदम आणि जटिलता (गणनेला किती वेळ आणि जागा लागते याचा अभ्यास) यांचा वरचष्मा असतो. आयकॅल्पमध्ये दोन विभाग आहेत: ‘ए’मध्ये अल्गोरिदम आणि जटिलता, ‘बी’मध्ये ऑटोमाटा (गणनयंत्रांची अमूर्त प्रतिरूपे), तर्कशास्त्र आणि अर्थमीमांसा (प्रोग्रामच्या अर्थाचा अभ्यास). आपल्याकडची एफएसटीटीसीएस 1981 पासून दर डिसेंबरच्या सुमारास भरते (2019 मध्ये ती आयआयटी मुंबईत होती) आणि तिचीही विभागणी अशीच आहे. ऑटोमाटाचा निबंध ‘ए’ विभागात टाकला तर तो ज्यांच्या हाती जातो त्यांना त्यातली अडचण नेमकी कुठे होती हेच कळत नाही. म्हणून कार्यक्रम समितीची नावे वाचावीत. आपल्या संदर्भसूचीतील एकही नाव किंवा त्यांच्या परिसरातील कोणी त्या यादीत नसेल, तर बहुधा दार चुकले आहे.

लॉजिक कॉलोक्वियमसारखी असोसिएशन फॉर सिम्बॉलिक लॉजिकची संमेलने याहून निराळी. तिथे भाग घेणाऱ्याने फक्त गोषवारा पाठवायचा आणि छोटे व्याख्यान द्यायचे. पूर्ण निबंधाची छाननी नसते. 2013 पासून भरणाऱ्या ‘हायलाइट्स’ परिषदेत तर निबंधसंग्रहच निघत नाही, त्यामुळे इतरत्र छापलेले काम तिथे सांगता येते. बायोडेटात या सगळ्या एका रांगेत लावल्या की जाणकार भुवई उंचावतो. भारतात दर विषम वर्षी होणारी आयसीएलए, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र परिषद, तत्त्वज्ञान आणि गणिताकडून आलेल्यांना जवळची आहे. ती आपल्याकडे फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते, याचे मला नवल वाटते.

वर्षाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर असावे. लिक्सची मुदत साधारण जानेवारीत, आयकॅल्पची फेब्रुवारीत, एफएसटीटीसीएसची जुलैत आणि स्टॅक्सची सप्टेंबरात येते; तारखा दर वर्षी थोड्या सरकतात. लिक्सचा निकाल एप्रिलच्या सुमारास लागतो आणि कॉनकरची मुदतही त्याच सुमारास असते, त्यामुळे नकार आल्यावर सावरायला जेमतेम काही दिवस मिळतात. असा निबंध समीक्षकांचे आक्षेप न वाचता तसाच पुढे ढकलण्याचा मोह होतो. तसे करू नये. क्षेत्र लहान आहे आणि तोच समीक्षक पुन्हा वाट्याला येण्याची शक्यता चांगलीच मोठी असते.

‘हे सहज विस्तारता येते’

निबंधाची पहिली दोन पाने समीक्षक काळजीपूर्वक वाचतो आणि बाकीचे कसे वाचायचे हे त्यावरून ठरवतो. त्या दोन पानांत व्याख्यांची रास ओतून मुख्य प्रमेय सहाव्या पानावर ठेवणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. प्रमेय काय आहे, आधी काय ठाऊक होते आणि मध्ये अडचण कोणती होती, हे तिसरे पान उलटण्यापूर्वी कळले पाहिजे.

त्याहून घातक म्हणजे उत्साहात लिहिलेले एखादे जादा वाक्य. एका मसुद्यात फर्स्ट ऑर्डर लॉजिकच्या दोन चलांच्या भागाविषयी, म्हणजे ज्यांत दोनच चल वापरता येतात अशा सूत्रांविषयी, चांगले काम होते. या भागातील सूत्र एखाद्या रचनेत खरे ठरू शकते का, हा प्रश्न सोडवता येतो. मॉर्टिमरने 1975 मध्ये दाखवले की खरे ठरू शकणारे असे प्रत्येक सूत्र कोणत्या तरी सांत रचनेत खरे ठरते, आणि 1997 मध्ये ग्रेडेल, कोलाइटिस आणि वार्डी यांनी त्या रचनेचा आकार घातांकी मर्यादेत आणला. मसुद्याच्या शेवटी विद्यार्थ्याने लिहिले होते: ‘हाच युक्तिवाद तीन चलांनाही सहज लागू होतो.’ तीन चलांच्या भागासाठी हा प्रश्न अनिर्णेय आहे, म्हणजे तो सोडवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. का, ते त्याच्याच सिद्धतेत दिसत होते. दोन चल असताना घटकांच्या प्रत्येक जोडीचे परस्परनाते इतर जोड्यांकडे न पाहता ठरवता येते आणि सगळी रचना त्या मोकळिकीवर उभी राहते. तिसरे चल आले की संक्रामकता लिहिता येते: अ चे ब शी आणि ब चे क शी नाते असेल तर अ चे क शी असलेच पाहिजे. जोड्या एकमेकींत अडकतात आणि ती मोकळीक जाते. वाक्य मूळ प्रमेयासाठी अनावश्यक होते. पण समीक्षकाने ते वाचले असते तर त्याचा बाकीच्या पंधरा पानांवरचा विश्वास तिथेच उडाला असता. ‘सहज’, ‘उघड आहे’ आणि ‘त्याचप्रमाणे’ हे शब्द शोधून काढावेत आणि प्रत्येकापाशी थांबून ती सिद्धता कागदावर एकदा पुरी करून पाहावी.

पाने, परिशिष्ट आणि नाव लपवणे

लिपिक्स या मालिकेत निबंधसंग्रह छापणाऱ्या अनेक परिषदांत संदर्भसूची वगळून 15 पानांच्या आसपास मर्यादा असते आणि लाटेक या मजकूरजुळणीच्या प्रणालीचा साचा ठरलेला असतो. ओळींमधील अंतर चोरून अर्धे पान वाचवणाऱ्याला वाटते की कोणाच्या लक्षात येणार नाही. पण दिवसाला सहा निबंध वाचणाऱ्या डोळ्यांना ते चटकन दिसते आणि निबंध न वाचताच परत करण्याचा अधिकार समितीला असतो. परिशिष्ट जोडता येते, पण समीक्षकाने ते वाचलेच पाहिजे असे बंधन नसते. म्हणून सिद्धतेचा गाभा मुख्य भागात आणि आकडेमोड परिशिष्टात, अशी विभागणी करावी. उलटी केली तर निबंध पोकळ दिसतो.

लेखकांची नावे लपवून छाननी करण्याची पद्धत आता अनेक परिषदांत आहे. पहिल्या पानावरून नाव काढले आणि आत ‘आमच्या मागील निबंधात आम्ही दाखवले’ असे राहू दिले, किंवा मार्गदर्शकांचे आभार तसेच ठेवले, तर लपवण्यात अर्थ उरत नाही. स्वतःच्या कामाचा उल्लेख तिऱ्हाइताच्या कामासारखा करावा. आर्काइव्हवर, म्हणजे छापण्याआधीचे निबंध सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, निबंध टाकणे यात बहुतेक ठिकाणी चालते, तरी कॉलमध्ये खात्री करून घ्यावी. एकच निबंध एकाच वेळी दोन परिषदांना पाठवणे मात्र कुठेही चालत नाही, आणि सापडले की तो दोन्हीकडून जातो.

बनावट परिषदा

‘आपल्या प्रकाशित कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत’ अशी सुरुवात असलेले, एका आठवड्यात स्वीकृतीची हमी देणारे पत्र कधी ना कधी येतेच. 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी साय्‌जेन नावाच्या प्रणालीकडून निव्वळ निरर्थक निबंध तयार करवून घेतला आणि तो एका परिषदेत स्वीकारला गेला. प्रकाशकाचे नाव मोठे असणे हाही पुरेसा पुरावा नाही. 2014 मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलई यांना मिळून असे 120 हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. मागील वर्षांचे निबंधसंग्रह डीबीएलपी या संगणकशास्त्रातील निबंधांच्या ऑनलाइन सूचीत आहेत का, आणि समितीतील व्यक्ती आपापल्या पानांवर त्या परिषदेचा उल्लेख करतात का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. शुल्क भरून झाले असेल तर निदान निबंध छापून येण्याआधी लेखी मागे घ्यावा; एकदा छापला की तो निष्कर्ष चांगल्या ठिकाणी पाठवता येत नाही.

व्हिसा आणि पैसा

निबंध स्वीकारल्याचे पत्र आले की बहुतेक जण पेढे वाटतात आणि अंतिम प्रतीच्या मागे लागतात. व्हिसाची आठवण महिन्याभराने होते, आणि तोवर मुंबईतल्या केंद्रात भेटीची वेळ मिळेनाशी झालेली असते.

दर चार वर्षांनी अनेक तर्कशास्त्र परिषदा एकत्र येऊन फ्लॉक भरते. 2022 मध्ये ती हैफाला झाली आणि 2026 ची लिस्बनला ठरलेली. पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला सामान्यतः 15 दिवस लागतात, पण अधिक चौकशी झाली तर ते 45 पर्यंत जाऊ शकतात. सोबत किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. निकाल एप्रिलच्या मध्याला आणि परिषद जुलैत असली की हातात जेमतेम तीन महिने उरतात. त्यातच निमंत्रणपत्र मिळवायचे असते, जे बहुतेक आयोजक नोंदणी झाल्यावरच देतात, आणि त्यावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळावे लागते. निबंधावर वडिलांचे नाव गाळून लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या मराठी मंडळींनी नोंदणीच्या अर्जात तरी तिन्ही नावे पासपोर्टप्रमाणेच लिहावीत.

निबंधामागे किमान एका लेखकाने नोंदणी करावी अशी अट जवळपास सर्वत्र असते. पैसे कुठून येणार हा विचार म्हणून निबंध पाठवतानाच करायला हवा. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संघटनांचे संयुक्त प्रवास अनुदान, पूर्वीच्या एसईआरबीच्या जागी आलेल्या एएनआरएफ या केंद्र सरकारी संस्थेचा संशोधन निधी आणि परिषदेची स्वतःची विद्यार्थी-सवलत, या तिन्हींच्या मुदती वेगवेगळ्या असतात, आणि काही तर निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत संपतात. व्हिसा नाकारला गेलाच तर गप्प बसू नये. त्याच दिवशी आयोजकांना कळवले तर सहलेखकाला किंवा ओळखीच्या संशोधकाला सादरीकरण करू देणे, अथवा दूरस्थ व्याख्यान ठेवणे, असा काहीतरी मार्ग बहुधा निघतो.

उत्तर देण्याची संधी आणि त्यानंतर

लिक्ससारख्या काही परिषदांत अंतिम निर्णयापूर्वी समीक्षकांना उत्तर द्यायला दोन-तीन दिवस मिळतात. तिथे वाद घालणे, समीक्षकाचे अज्ञान दाखवणे किंवा नवे प्रमेय पुढे करणे निरुपयोगी आहे. सिद्धतेत चूक दाखवली असेल तर आधी त्याच मुद्द्याला हात घालावा: चूक खरी आहे का, असल्यास कोणत्या ओळीत काय बदलले की ती दूर होते. ‘अंतिम प्रतीत दुरुस्त करू’ एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही.

निबंध छापून झाल्यावर पूर्ण सिद्धतांसह विस्तृत आवृत्ती नियतकालिकाकडे पाठवायची राहून जाते. लॉजिकल मेथड्स इन कम्प्युटर सायन्स हे 2005 पासून निघणारे नियतकालिक लेखकांकडून शुल्क घेत नाही, वाचकांनाही खुले आहे आणि अनेक परिषदांतील निवडक निबंधांचे विशेषांक काढते, तेव्हा पैशांची सबब चालत नाही. तोपर्यंत निदान आर्काइव्हवरील आवृत्तीत समीक्षकांनी दाखवलेल्या चुका सुधारून ठेवाव्यात. लोक तीच आवृत्ती उतरवून घेतात आणि त्यातला जुना, चुकीचा लेमा (साहाय्यक प्रमेय) स्वतःच्या निबंधात वापरतात.