राखणदार जातीचं मोठं कुत्रं सांभाळताना
मोठ्या राखणदार जातीचं पिल्लू झपाट्याने वाढतं, पण हाडं पक्की व्हायला 18 ते 24 महिने लागतात. तोवर त्याला गुटगुटीत करू नका. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियम नको. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

खरी धास्ती पोट फुगण्याची. खाणं दिवसातून दोन-तीनदा विभागून द्या, खाल्ल्यावर तासभर तरी पळवू नका. हावरट असेल तर पसरट परातीत पांगवून द्या. पोट ढोलासारखं ताठ, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, कुत्रं एका जागी थांबत नाही, असं दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असली तरी लगेच पशुवैद्याकडे न्या. जठराला पीळ पडला असेल तर काही तासांत जीव जातो.

पाहुणे आले की आधी पट्टा, मग दार. भुंकल्यावर ओरडू नका; त्याला वाटतं, तुम्हीही भुंकताय. शांत बसलं की लगेच खाऊ. अनोळखी माणसांची सवय मात्र 14 आठवड्यांच्या आतच लावायला घ्या, 50 किलोचं झाल्यावर नाही.