आर्क वेल्डिंग यंत्रातील विद्युत दोष कसा शोधावा

वेल्डिंग यंत्र बिघडले की सर्वप्रथम झाकणाचे स्क्रू काढण्याचा मोह होतो. पण पुष्कळ दोष पेटीबाहेरच, म्हणजे होल्डर, अर्थ क्लॅम्प, केबल आणि पुरवठ्याच्या जोडणीत सापडतात. म्हणून तपासणी बाहेरून आत करत न्यावी.

आर्क दुबळी पडत असेल किंवा रॉड वारंवार चिकटत असेल, तर वेल्डिंग चालू नसताना दोन्ही आउटपुट टर्मिनलांमधील व्होल्टेज मोजून नामपट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावे. ते साधारण ५० ते ९० व्होल्टच्या दरम्यान असते. ते योग्य असूनही आर्क धरत नसेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. एखाद्या सैल लगमध्ये (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्यात) अवघा ०.०५ ओहम रोध असला, तरी १०० अँपिअरला तेथे ५ व्होल्ट वाया जातात आणि ५०० वॉट उष्णता निर्माण होते. आर्क स्वतः वीस-पंचवीस व्होल्टवर चालते, हे लक्षात घेतले की ५ व्होल्टची किंमत कळते. असा लग काळवंडलेला दिसतो आणि त्याच्या मुळाशी केबलचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. होल्डरच्या मानेशी, जेथे केबल सतत वाकते, तेथे आवरण शाबूत असूनही आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या असू शकतात. केबल चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी, नवा लग क्रिंप करावा (दाबून घट्ट बसवावा) आणि क्लॅम्पखालचा रंग व गंज खरवडून काढावा.

पुरवठ्याचे व्होल्टेज वेल्डिंग चालू असतानाच मोजावे, कारण लांब व बारीक एक्स्टेंशन केबलवर मोकळ्या यंत्राला पूर्ण व्होल्टेज दिसते आणि आर्क लागताच ते कोसळते. इशारादिवा लागून यंत्र मध्येच थांबत असेल, तर पंखा, धूळ आणि ड्यूटी सायकल (दर १० मिनिटांत किती वेळ वेल्डिंग करता येते ते प्रमाण) तपासावी. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटेच वेल्डिंग.

यंत्राच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर काम तत्काळ थांबवावे आणि अर्थिंगची वायर अखंड आहे का ते पाहावे. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन १ मेगओहमपेक्षा कमी आढळल्यास यंत्र वापरू नये. इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक स्विचिंगवर चालणाऱ्या) यंत्रात मात्र उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच मेगर लावावा, अन्यथा इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

स्विच देताच एमसीबी (पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पडत असेल, तेव्हाच पेटी उघडावी, आणि तीही कामाची माहिती असलेल्यानेच. नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढल्यानंतरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टपेक्षा अधिक, जिवावर बेतणारा दाब उरलेला असतो. उत्पादकाने सांगितलेला वेळ, तो दिलेला नसल्यास निदान १० मिनिटे, थांबावे आणि मीटरवर डीसी व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करावी. मग रेक्टिफायर ब्रिजचे (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडसंचाचे) डायोड मीटरच्या डायोड मोडवर तपासावेत: चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने सुमारे ०.५ व्होल्ट दाखवतो व उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्हीकडे शून्य आले, तर तो किंवा त्याला जोडलेला ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे.

भाग बदलल्यावर पुरवठा थेट देऊ नये. फेजमध्ये १०० वॉटचा तंतूचा बल्ब मालिकेत जोडून यंत्र चालू करावे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर शॉर्ट निघाला, आणि तो प्रखर जळतच राहिला तर शॉर्ट अजून आतच आहे.