समोर वयाने मोठा, मुरलेला पॉइंट गार्ड असेल तर कसं खेळायचं: 2008 ची पॉल-किड सिरीज बघून

हे लिहितोय ते त्या पोरासाठी (आणि पोरीसाठी) ज्याला बास्केटबॉलच्या नॉकआउट मॅचमध्ये आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या पॉइंट गार्डसमोर (म्हणजे बॉल पुढे आणून टीमचा खेळ चालवणारा) बॉल आणायचाय. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की तू फास्ट आहेस म्हणून जिंकशील. फास्ट पोरांना मुरलेले गार्ड रोज खातात. आमच्या इथे रविवारी सकाळी एक काका खेळायला येतात, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि कॉलेजची पोरं त्यांच्या बाजूने सुसाट निघतात आणि सरळ त्यांच्या सेंटरच्या (रिंगजवळ उभा असणारा उंच माणूस) अंगावर जाऊन आदळतात, कारण काकांनी त्यांना मुद्दाम त्याच बाजूला सोडलेलं असतं. मी पण किती वेळा आदळलोय. जिथे मला वाटायचं मी त्यांना कट मारला तिथे खरं तर ते मला हाकत होते.

मग करायचं काय? यावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे 2008 च्या NBA प्लेऑफमधली (अमेरिकेतल्या प्रो लीगची नॉकआउट फेरी) न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स आणि डॅलस मॅवरिक्स ही पहिल्या राउंडची सिरीज. ख्रिस पॉल 22 वर्षांचा, आयुष्यातली पहिली प्लेऑफ. समोर जेसन किड, 35 वर्षांचा, 1994 पासून लीगमध्ये, दोन फायनल खेळलेला, अंगाने पॉलपेक्षा चार इंच उंच आणि चांगलाच दणकट. डॅलसने किडला त्याच सीझनमध्ये फेब्रुवारीत न्यू जर्सीकडून आणलं होतं आणि त्याच्या बदल्यात त्यांचा चपळ तरुण गार्ड डेव्हिन हॅरिस देऊन टाकला होता. म्हणजे पॉलच्या मागे पळू शकेल असा जो माणूस होता तोच गेला. हॉर्नेट्सने सिरीज 4-1 ने काढली, पॉलचे मॅचमागे 24.6 पॉइंट आणि 12 असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते तो पास), किडचे मॅचमागे नऊसुद्धा पॉइंट झाले नाहीत.

आता हे आकडे बघून वाटतं पॉल नुसता पळाला असेल. पण मॅच लावून बघ, जुने व्हिडिओ आहेत, तो पळतच नाही. तो थांबतो. माझं सगळं म्हणणं याच एका शब्दात आहे. वय झालेल्या गार्डला सरळ रेषेत पळवून काही होत नाही, तो अँगल काढून तुझ्याआधी पोचतो, त्याला वीस वर्षांची सवय आहे. त्याला त्रास होतो तो ब्रेक मारायला आणि मग पुन्हा स्टार्ट घ्यायला, कारण ब्रेक मारताना सगळं वजन मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतं आणि थकलेला पाय पहिला तिथेच दगा देतो. तर त्याला एकदा मागे टाकायच्या मागे लागू नकोस, त्याला मॅचभर साठ-सत्तर वेळा थांबव आणि साठ-सत्तर वेळा पुन्हा सुरू कर.

याची प्रॅक्टिस कशी करायची ते सांगतो. बेसलाइनपासून हाफ लाइनपर्यंत दर चार-पाच पावलांवर एक कोन ठेव (कोन नसेल तर चपला ठेव), दोन ड्रिबल पूर्ण जोरात, कोनपाशी आलास की एकदम अर्ध्या स्पीडवर, पण उभा नको राहूस, गुडघे वाकलेले, छाती वर, मान वर, बॉल रिंगपासून लांबच्या हातात, आणि मग पुन्हा दोन ड्रिबल जोरात. पोरं इथे चूक काय करतात तर हळू होताना सरळ उभी राहतात, मग परत निघायला खाली वाकावं लागतं आणि तेवढ्या वेळात डिफेंडर आला. हळू होताना डोकं वर जायला नको, मित्राला बाजूने मोबाईलवर शूट करायला सांग आणि डोक्याची लाइन बघ. डावा हात पण तेवढाच. रोज पंधरा मिनिटं, आधी ताजेपणी कर आणि मग प्रॅक्टिस संपल्यावर दमलेला असताना पुन्हा कर, कारण तुला हे चौथ्या क्वार्टरमध्ये लागणारे.

पण एकट्याने थांबून-निघून सगळं होत नाही, त्याला स्क्रीन लागते, म्हणजे आपला एक माणूस डिफेंडरच्या रस्त्यात आडवा उभा राहतो ती. आणि ही पॉलची खरी कला होती. हॉर्नेट्सचा मोठा माणूस, टायसन चँडलर किंवा डेव्हिड वेस्ट, वर येऊन स्क्रीन लावायचा, किड स्क्रीनला घासून मागून यायचा, आणि इथे बाकीचे गार्ड जोरात रिंगकडे सुटतात पण पॉल इथे हळू व्हायचा, किडच्या रस्त्यातच यायचा आणि त्याला आपल्या पाठीवर घ्यायचा. खेळाडू याला डिफेंडरला जेलमध्ये टाकणं म्हणतात. आता किडला पुढे यायचं तर पॉलला धक्का द्यावा लागणार म्हणजे फाउल, आणि नाही आला तर पुढे डॅलसचा एकटा मोठा माणूस, डॅम्पियर किंवा नोविट्झकी, आणि त्याच्यासमोर दोघं, पॉल आणि चँडलर. मोठा माणूस वर आला की रिंगजवळ उंच पास आणि चँडलरने वरच्या वर डंक करायचा, मोठा माणूस मागे राहिला की फ्री थ्रो लाइनच्या उजव्या कोपऱ्यावरून पॉलचा जंपर (उडी मारून घेतलेला शॉट), आणि स्क्रीन वेस्टने लावली असेल तर तो बाहेर सरकून मोकळा. तीन पर्याय, आणि तिन्हीत किड पाठीमागे अडकलेला. अनुभवी माणसाचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे डोकं, आणि पाठीमागे अडकलेल्या माणसाचं डोकं कितीही चाललं तरी हात पोचत नाही.

हे शिकताना घाई करू नकोस, आधी डिफेंडरशिवाय, मग स्क्रीन लावणारा एक मित्र आणि मागून येणारा एक, मग पुढे एक मोठा. पाठीवर घेताना मागे बसायचं किंवा कोपर मागे मारायचं नाही, रेफरी तो फाउल तुझ्यावर देईल आणि द्यायलाच पाहिजे. फक्त त्याच्या रस्त्यात पाऊल टाकायचं आणि स्पीड कमी करायचा, बाकी तो स्वतः येऊन चिकटतो.

आणि मिड-रेंज जंपर लागतोच. हे मी जोर देऊन सांगतोय कारण आजकाल पोरं एकतर लांबून थ्री मारतात नाहीतर रिंगखालून लेअप, मधलं काही नाही. पण जेलमध्ये टाकून तू जिथे पोचतोस ती जागा मधलीच आहे. तो शॉट नसेल तर मोठा डिफेंडर आरामात मागे सरकून तुझा पास खाणार.

पहिल्या मॅचकडे बघ. पहिल्या हाफमध्ये डॅलस पुढे होतं, पॉलने घाबरून काही वेगळं चालू केलं नाही, तेच स्क्रीन, तेच थांबणं, आणि दुसऱ्या हाफमध्ये एकट्याने 24, टोटल 35 पॉइंट आणि 10 असिस्ट, पहिल्याच प्लेऑफ मॅचमध्ये, हॉर्नेट्स 104-92. दुसऱ्या मॅचला 32 पॉइंट आणि 17 असिस्ट, 127-103. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये तू पेरतोस, समोरच्याच्या पायातून एक-एक स्टार्ट काढून घेतोस, ते स्कोअरबोर्डवर लगेच दिसत नाही. म्हणून हाफ टाइमला मागे असशील तर प्लॅन बदलायच्या आधी समोरच्या गार्डकडे बघ: फ्री थ्रो चालू असताना हात गुडघ्यावर टेकतोय का, डिफेन्सला येताना तुला हाफ लाइनवर गाठायचा तो आता थ्री पॉइंट लाइनवर वाट बघतोय का, त्यांच्या कोचने त्याला तुझ्यावरून काढून कॉर्नरमधल्या माणसावर लावलाय का. यातलं काहीही दिसलं तर तुझं काम बरोबर चाललंय.

डिफेन्सकडे पण बघ, अर्धी मॅच तिकडे आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. किडसारखा गार्ड तुला एकट्याला खेळवून हरवत नाही. करिअरमध्ये 107 ट्रिपल डबल (एकाच मॅचमध्ये तीन गोष्टींत, जसं पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, दहा किंवा जास्त) केलेला माणूस, गार्ड असून रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) स्वतः ओढायचा आणि ओढल्या क्षणी त्याचा पहिला पास हाफ लाइनच्या पुढे गेलेला असायचा. म्हणजे त्याचा खेळ सुरू होतो तुमचा शॉट चुकला की, तेव्हा तू तुझ्या शॉटकडे बघत उभा असशील तर संपलं. तुमच्या टीमचा शॉट सुटला की तू पहिला त्याला शोधायचा, अंगाने अंग लावायचं, रिबाउंड त्याला मिळालाच तर दोन पावलं त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं, बॉल हिसकवायला जायचं नाही, फक्त तो पहिला लांब पास उशिरा निघाला पाहिजे. तेवढ्यात तुझी टीम मागे पोचते आणि मग त्याला हाफ कोर्टमध्ये पाच जणांसमोर उभं राहून खेळावं लागतं, जे त्याला या वयात आवडत नाही. हॉर्नेट्सचा कोच बायरन स्कॉट होता, आणि त्यानेच न्यू जर्सीला किडला कोचिंग करून 2002 आणि 2003 ची फायनल खेळली होती, म्हणजे किडला काय आवडतं काय नाही हे बेंचवर बसलेल्या माणसाला पाठ होतं. तुझ्या कोचला पण विचार, त्या गार्डबरोबर किंवा विरुद्ध कोण खेळलंय, त्याला गाठ आणि तासभर ऐक.

एक मॅच वाईट जाणार हे धरून चाल. तिसरी मॅच डॅलसमध्ये होती, 97-87 डॅलस जिंकलं, पॉलचे शॉट पडतच नव्हते, 16 पॉइंट. पण असिस्ट तेव्हाही 10. शॉट पडत नाही म्हणून त्याने बॉल धरून ठेवला नाही की रागाने मारत सुटला नाही. मुरलेला गार्ड नेमकी याची वाट बघत असतो, की पोरगं चिडेल, पर्सनल घेईल. तो तुझी जर्सी ओढेल, स्क्रीनवर हलकेच कंबरेत हात देईल, रेफरीशी गोड बोलेल. तू काही बोलू नकोस. चौथ्या मॅचला उलटंच झालं, हॉर्नेट्सच्या जनेरो पार्गोला जोरात पाडलं म्हणून किडलाच बाहेर काढलं, आणि हॉर्नेट्स 97-84. पाचव्यात पॉलचे 24 पॉइंट, 15 असिस्ट, 11 रिबाउंड, 99-94, खेळ खलास.

आता जे पोरगं इथपर्यंत वाचून खूश झालंय त्याने पुढचं पण नीट वाचावं. पुढच्याच वर्षी, 2009 मध्ये, त्याच पहिल्या राउंडला पॉलसमोर आला डेन्व्हरचा चॉन्सी बिलप्स, वय 32. पहिल्या मॅचमध्ये बिलप्सने 8 थ्री टाकले, 36 पॉइंट. चौथी मॅच न्यू ऑर्लिन्सच्या घरच्या कोर्टवर डेन्व्हरने 121-63 अशी मारली, 58 पॉइंटने, आणि त्यात पॉलचे 4 पॉइंट. सिरीज 4-1, पण यावेळी उलटी. कारण बिलप्सने पॉलच्या मागे पळायचं काम स्वतःकडे घेतलंच नाही, ते डॅन्टे जोन्स नावाच्या चिवट डिफेंडरला दिलं आणि आपले पाय शॉटसाठी वाचवले.

म्हणून मॅचच्या आधी हा प्रश्न विचार: तो गार्ड माझ्यावर डिफेन्स करणारे का? नसेल, तर तू जो त्याला दमवायचा प्लॅन केलास तो हवेत. मग स्क्रीन लावायला तुझा सेंटर बोलवू नकोस, ज्या माणसावर तो लपलाय त्याला बोलव. तुझ्या कॉर्नरमधल्या शूटरला सांग वर येऊन स्क्रीन लाव, म्हणजे तो जुना गार्ड त्याच्यामागे ओढला येतो, आणि मग एकतर माणसं बदलावी लागतात नाहीतर त्याला दोन पावलं वर येऊन पुन्हा मागे पळावं लागतं. हे दर तिसऱ्या-चौथ्या पझेशनला (बॉल तुमच्याकडे आला की) कर. लगेच पॉइंट नाही मिळाले तरी कर.

आणि मॅच झाल्यावर, जिंकलास तरी, हात मिळवून लगेच फोटो काढायला पळू नकोस. त्या सिरीजनंतर चार महिन्यांत बीजिंग ऑलिंपिक होतं, अमेरिकेच्या टीममध्ये किड स्टार्टर होता आणि पॉल बेंचवरून यायचा, दोघं गोल्ड घेऊन आले. किड पुढे 2011 ला, 38 व्या वर्षी, डॅलसकडूनच चॅम्पियन झाला, आणि त्या टीममध्ये पॉलचे उंच पास डंक करणारा तोच टायसन चँडलर होता. पॉलने किडचा असिस्टचा आकडा ओलांडला तो 2024 च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हा तो स्वतः 39 चा. तर त्या मोठ्या गार्डजवळ जाऊन बस, पाणी दे, आणि विचार की मी कुठल्या बाजूला जाणार हे तुम्हाला आधी कसं कळत होतं, माझे खांदे सांगत होते का डोळे, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही मला डावीकडे सोडलं ते मुद्दाम का. बहुतेक जण सांगतात. आमच्या काकांनी मला सांगितलं होतं की उजवीकडे जायच्या आधी मी बॉल एकदा जास्त जोरात आपटतो.