न्यू जर्सी: टायटलवरच्या बोजामुळे अडलेलं गाडीचं दान

डिसेंबरमध्ये जुनी कोरोला दान करायला काढली, तर संस्थेने टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, पाहून ती घ्यायला नकार दिला. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण टायटलवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेकडून बोजा उतरवल्याचं पत्र मागवलं, ते मोटर व्हेइकल कमिशनला (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या खात्याला) देऊन बोजा नसलेलं टायटल काढलं आणि 31 डिसेंबरच्या आत गाडी दिली. दानाबद्दलची आयकरातली वजावट त्याच वर्षात हवी तर ही तारीख पाळावीच लागते. इथे नंबरप्लेट आधी परत करायच्या, विमा नंतर बंद करायचा.

रकमेबद्दल मात्र बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो. संस्थेने गाडी लिलावात 500 डॉलरपेक्षा जास्त किमतीला विकली, तर सहसा जेवढे पैसे आले तेवढीच वजावट मिळते. केली ब्लू बुक या जुन्या गाड्यांच्या दरसूचीतला आकडा चालत नाही. संस्था गाडी स्वतः कामासाठी वापरणार असेल, तिची मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजू कुटुंबाला अगदी स्वस्तात देणार असेल, तरच बाजारभाव धरता येतो. मी तशीच संस्था निवडली, आणि ती फक्त वजावटीसाठी नाही. बस न पोचणाऱ्या गावांत गाडीशिवाय नोकरी टिकवणं फार कठीण असतं.

संस्थेची नोंदणी आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याच्या) संकेतस्थळावर तपासा. वजावट 500 डॉलरच्या वर असेल तर संस्थेने दिलेला गाडीच्या दानाचा फॉर्म 1098-सी आणि आपण भरलेला वस्तुरूप दानाचा फॉर्म 8283 कर विवरणपत्राला जोडावा लागतो. स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेणाऱ्यांनी आधी शेड्युल ए, म्हणजे अशा दानासारख्या वजावटी एकेक करून दाखवायचा तक्ता, भरणं परवडतं का, ते पाहावं.