खिडकीच्या चौकटीभोवतीची फट पावसाआधी कशी भरावी

नाशिकमध्ये पावसाचा मारा प्रामुख्याने पश्चिम आणि नैऋत्येकडून येत असल्याने त्या बाजूच्या खिडक्या आधी घ्याव्यात आणि मृग लागण्यापूर्वी, सकाळी चौकट तापण्याआधी काम उरकावे. चौकट व गिलावा यांमधील फट पांढऱ्या सिमेंटने बुजवण्याची पद्धत सर्रास दिसते. परंतु उन्हात अ‍ॅल्युमिनियमची चौकट गिलाव्याच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने तो कडक थर केसाएवढा तडकतो आणि तेवढ्या चिरेतूनही पाणी आत ओढले जाते.

जुना थर खरवडून फट साधारण 6 ते 10 मिलिमीटर रुंद करावी, पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा करावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. धूळ झाडल्यावर फटीपेक्षा किंचित जाड फोमची दोरी आत दाबावी, म्हणजे तिच्यावर भरायचा सीलंट (वाळल्यावरही लवचिक राहणारा भरणा) मागे न चिकटता फक्त दोन्ही कडांना धरून मोकळेपणाने ताणला जातो. त्याची खोली रुंदीच्या निम्मी पुरते. वरून रंग द्यायचा असल्यास पॉलियुरेथेनचा सीलंट घ्यावा, कारण साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. कडांना मास्किंग टेप लावून गनने सलग भरावे, चमच्याच्या पाठीने दाबावे आणि साय धरण्यापूर्वी टेप काढावी.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतील निचऱ्याची भोके मात्र बुजवू नयेत. आमच्याकडे कारागिराने अतिउत्साहाने तीही बुजवली होती. पहिल्याच सरीत पट्टी पन्हळीसारखी भरली आणि पाणी थेट दिवाणावर आले.